हाडाची चासी

जिवंत हाडाला वास असतो. दातांच्या डॉक्टरकडे दाढ कोरताना येतो तसा, त्यात थोडं आंबलेलं दूध मिसळल्यासारखा. हल्ली उद्यमनगरात दर चौथ्या वर्कशॉपच्या दारातून तो येतो. पूर्वी इथे तापलेल्या लोखंडाचा आणि कूलंटचा वास यायचा, आणि तो मला अत्तरापेक्षा प्यारा होता. आता मी ओढणी नाकाला लावून जाते आणि पोरं मला हसतात.

एक आधीच सांगून ठेवते, मी काही सोवळ्यातली बाई नाही. जन्म कोल्हापुरात गेला. मटणाची नळी ताटावर ठोकून, चोखून, वर पुन्हा आत काही राहिलंय का ते बघणारी मी. हाडाची मला किळस नव्हती. ती बसली, आणि कशी बसली ते सांगते.

माझं नाव संयोगिता पाडळकर. रिमोटवर चालणाऱ्या, मातीत आणि दगडात पळणाऱ्या गाड्यांच्या चासी मी बांधते. चासी म्हणजे ज्यावर मोटर, बॅटरी, चाकांचे दांडे आणि शॉकअप बसतात तो गाडीचा सांगाडा. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची गाडी, पण ताशी सत्तर किलोमीटरने खडकावरून उडते, आणि खाली येताना सगळा दणका चासीच खाते. नातेवाईक म्हणतात, बाप पंपाचे भाग करायचा, पोरगी खेळणी करते. म्हणू देत. चोवीस वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच्या पाटातून चासी कापल्या, आणि माझ्या चासीवर माझा धाकटा भाऊ रणधीर गाडी पळवायचा. तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. सलग सहा वर्षं आमचा दुसरा नंबर. सातव्या वर्षी तो एक झाकणबंद टब घेऊन वर्कशॉपात आला.

"आक्का, डोळे मीट."

"बावन्न वर्षांची हाय मी. काय आणलंयस ते बोल."

त्याने झाकण काढलं. फिकट गुलाबी पाण्यात पावाच्या सालीच्या रंगाचा एक पाट तरंगत होता. भोकाभोकांचा, कडेला थोडा चिकट.

"हात लाव की. जिवंत हाय."

मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ते कोमट होतं. चासी कधी कोमट असते का?

शास्त्र तसं अवघड नाही. आपल्या अंगातलं हाड दगडासारखं मेलेलं नसतं, त्यात पेशी अडकून बसलेल्या असतात. हाडावर भार आला की त्याच्या केसाहून बारीक नळ्यांमधलं पाणी हलतं, पेशींना ते कळतं, आणि त्या निरोप धाडतात की इथे भर घाला. जिथे भार येत नाही तिथलं हाड दुसऱ्या पेशी कुरतडून नेतात. पैलवानाच्या दंडातलं हाड जाड होतं आणि अंतराळात महिनोन्महिने राहून आलेल्या माणसाच्या पायाचं हाड विरळ होतं, ते यामुळेच. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन एवढंच झालं की हे सगळं शरीराबाहेर, टबात, दीड महिन्यात घडवून आणणारं औषध निघालं.

मग डिझाईन करायला उरलं काय? जुनी गाडी ट्रॅकवर पळवायची. कोणत्या उडीला कोणत्या कोपऱ्यावर किती दणका बसला ते यंत्राने टिपायचं. कॅल्शियमच्या क्षाराचा जाळीदार पाट छापून घ्यायचा, त्यात पेशी सोडायच्या, तो टबात हादऱ्याच्या टेबलाला बांधायचा आणि तेच दणके त्याला देत राहायचं. कुठे जाड व्हायचं, कुठे पोकळ राहायचं, हे हाड आपलं आपण ठरवतं. अ‍ॅल्युमिनियम त्याहून मजबूत असतं, मान्य. पण आपल्याला कुठे मार बसतो हे अ‍ॅल्युमिनियमला कळत नाही, आणि तडा गेला तर ते स्वतःला सांधत नाही. हाड सांधतं. टबात ठेवा, आठवड्यात तडा बुजतो. तीन हंगामांत धातूच्या गाड्या शर्यतीतून हद्दपार झाल्या.

मीही शिकले. पोट आहे आणि हौसही आहे. दणके किती द्यायचे ते मी ठरवायची, वाढलेलं हाड कानशीने घासून मापात आणायची, भोकांत पितळी बुश बसवायची. शिवाय दिवसातून चार वेळा त्याला पोषक द्रव घालायची. आम्ही त्याला पेज म्हणायचो. घासताना भुकटी उडायची आणि ती जिभेवर बसायची. पहिल्याच महिन्यात माझं नळी खाणं सुटलं.

पेशी आणायच्या कुठून? नियम असा की देणारा सज्ञान हवा, त्याची संमती हवी, आणि पेशी कुणाच्या ते सांगणाऱ्या उगमपत्रावर चासी बांधणाऱ्याची सही हवी. बहुतेक ड्रायव्हर स्वतःच्याच देत. कमरेच्या हाडात जाड सुई घालून चमचा-दोन चमचे आतला मगज ओढून घेतात. रणधीरनेही आपलाच दिला, आणि आठवडाभर तालमीतल्या पैलवानासारखा कमरेवर हात ठेवून गावभर मिरवला.

इथे माझी चूक सांगायला हवी. आमच्या बापाची एक पद्धत होती. नापास भाग फेकायचा नाही आणि तोंडाने काही बोलायचं नाही. लाल तेलखडूने त्या भागावरच कारण लिहायचं आणि ज्याचं काम त्याच्या टेबलावर मुकाट ठेवून द्यायचं. तोंडाने बोललेलं लागतं, लिहिलेलं लागत नाही, असं बापाला वाटायचं. मलाही तसंच वाटत आलं. रणधीरच्या हाडाच्या पहिल्या चासीवर मी लिहिलं, "सुस्त." दुसरीवर लिहिलं, "मध्ये पोकळ." तिसरी दोन महिने हादरे खाऊनही जिथल्या तिथे राहिली, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी लिहिलं, "हाड म्हातारं. तरुण माल आण."

त्याने ते वाचलं, आणि नेहमीसारखा हसला नाही. चासी उचलून घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी पेशींची नवी बाटली आली.

"कुणाच्या रे?"

"तालमीतलं पोरगं हाय एक. एकोणीस वर्षांचं."

"बरं हाय का अंगानं?"

"एकदम ठणठणीत."

उगमपत्र त्याने माझ्या चहाच्या कपाशेजारी सरकवलं. भावाच्या कागदावर सही करताना मी कधी वाचत बसले नव्हते. तेव्हाही नाही.

आणि काय सांगू, ते हाड! चौथ्या दिवशीच पुढच्या शॉकअपच्या बुडाशी बरगडीसारखी कड उठली. आमच्या खाणीतल्या ट्रॅकला डावी वळणं जास्त, तर उजवी बाजू आपोआप भरून आली. मी चोवीस वर्षं डावी-उजवी सारखी कापत आले होते, इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मागच्या दांड्यांपाशी त्याने अशी कमान धरली की मी कानशी खाली ठेवून नुसती बघत बसले. वास येत होता, भुकटी जिभेवर बसत होती, आणि मी चक्क शीळ घालत होते. पेज घालताना "खा बाळा" असंही एकदा म्हणून गेले.

शर्यतीला नऊ दिवस उरले असताना मागचा दांडा अडकायला लागला. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर मी तीनशे पंचवीस मिलिमीटर धरलं होतं. व्हर्नियर लावला तर तीनशे सव्वीस पूर्णांक चार. मला वाटलं व्हर्नियर बिघडला. बापाच्या वेळचे पोलादी मापाचे ठोकळे काढून ताडून पाहिला, तर व्हर्नियर बरोबर होता. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं. जवळजवळ तीनशे सत्तावीस.

पेशी वाढवणाऱ्या अस्थिज लॅबला फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाजावरून नवी वाटली.

"मॅडम, जाडी वाढेल. लांबी नाही वाढणार."

"मी मोजलीय बाई."

"मोठ्या माणसाचं हाड लांब होतच नाही. लांबी वाढवते ती कूर्चा, आणि वय वाढलं की तिचं हाड होऊन जातं. लहान मुलांच्या कमरेच्या हाडाला मात्र कडेने कूर्चेची पट्टी असते. सुई तिच्यातून गेली, तर त्या पेशीसुद्धा..." मग एकदम घाईने म्हणाली, "आम्ही लहान मुलांचं घेत नाही, मॅडम."

"मी कुठं विचारलं तुला?" मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी मी रणधीरच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत माझी भाची जुई सतरंजीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. वय वर्षं नऊ. एरवी मला बघताच धावत येऊन कमरेला मिठी मारणारी पोर.

"आत्ती, मी उठत नाही हां. पालथाच पडतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली 'आलो, गेलो' असंच बोलतात. "बसलो की ठणकतंय अजून."

"काय ठणकतंय गं?"

तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "पप्पा म्हणाले शर्यत झाल्यावर सांगायचं. पण तुला सांगतो. आपल्या गाडीचं हाड माझं हाय!"

केवढा आनंद त्या चेहऱ्यावर! तिने फ्रॉक वर करून दाखवलं. कमरेच्या कडेला अजून न गेलेला पिवळट डाग, मध्ये सुईची खूण. माझ्या डोळ्यांपुढे ती बरगडीसारखी कड आली आणि तिच्यावरून फिरलेली माझी कानशी. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

रणधीर आतून आला. त्याची बायको तेजस्विनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"लाज वाटली नाही तुला?" मी म्हटलं.

"दोन चमचे घेतलं आक्का. भरून येतंय ते. डॉक्टरच म्हणाले."

"कुठला डॉक्टर? त्याला बडवून काढायला पाहिजे."

"पोरगी स्वतः म्हणाली, घ्या."

"नऊ वर्षांची पोर हाय ती! उद्या विहिरीत उडी मार म्हणशील, बाप म्हणतोय म्हणून मारंल!"

"मग मी काय करायचं होतं?" तो ओरडला. "तूच लिहिलंस ना लाल खडूनं? म्हातारं म्हणून? माझ्या हाडावर लिहिलंस, माझ्या! तरुण माल आण म्हणालीस, आणला. आता नाक मुरडतीस?"

तरुण म्हणजे वीस-बाविशीचा, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं, असं मी मनात म्हणत राहिले. पण लिहिलेलं माझंच होतं.

तेजस्विनी खालच्या आवाजात म्हणाली, "सुई घातली तेव्हा उशीचा अभ्रा दातानं फाडला तिनं, आक्का. आणि शर्यतीनंतरच्या मंगळवारी परत हाय."

"परत?"

"राष्ट्रीय स्पर्धेला दुसरी चासी लागती," रणधीर म्हणाला. "शर्यत झाली की मंगळवारी शेवटचं. मग नाही."

"मंगळवारी काही होणार नाही."

"उगमपत्रावर सही तुझी हाय. बोललीस तर पहिली तू जातीस. परवाना जाईल, वर्कशॉपला टाळं लागंल."

खाली जुई निवांत रंगवत होती. तिने चासीचं चित्र काढलं होतं आणि त्याला डोळे काढले होते.

आठवडाभर मी गप्प राहिले, हेही सांगायला हवं. टाळ्याची भीती होती, आणि दुसरं म्हणजे गाडी विलक्षण पळत होती. मागचा दांडा दोन मिलिमीटरने लांब करून मी तो नीट बसवला. हात चालत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही.

शर्यत गावाबाहेरच्या दगडाच्या बंद खाणीत होती. सकाळची वेळ, लाल धूळ, ओळीने मांडलेली वीस टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक टब. इतकी वर्षं मी इथे येत होते, तेव्हा गाड्याच बघत होते. या वेळी टेबलांच्या मागे बघितलं. तिसऱ्या टेबलामागे एक मुलगा एकाच कुल्ल्यावर रेलून बसला होता. सातव्याच्या मागे दोन जुळ्या मुली होत्या, आणि एकीच्या चड्डीच्या इलॅस्टिकवर चिकटपट्टीचं टोक दिसत होतं. दहाव्या टेबलावर एक बाई एका हाताने पोराला उकडलेलं अंडं भरवत होती आणि दुसऱ्या हाताने टबात पेज ओतत होती. पोराला म्हणत होती, "खा, खा, वाढायला पाहिजे." दोघांपैकी कुणाला म्हणत होती, देव जाणे. त्या खाणीत वीस टबांचा वास कोंडला होता आणि लोक त्यातच वडापाव खात होते.

मी सरळ तपासनीसांच्या तंबूत गेले. भूपाल मगदूम, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, आयुष्यात कुणाला दुखवायला न धजलेला माणूस. हाताला रबरी मोजे, समोर वजनकाटा आणि माझी गाडी.

"मगदूम सर, हे हाड एकोणीस वर्षांच्या पोराचं नाही. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीचं आहे."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पाडळकरबाई, हळू बोला."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"मापं मीच घेतो की. दर खेपेला गाड्या लांब झालेल्या असतात." ते मोजा ओढत राहिले, माझ्याकडे बघेनात. "म्हणून तर स्पर्धा समितीने यंदा लांबीची सूट दोन मिलिमीटरवरून पाचवर नेली. तुमची बसते त्यात. जा, लावा गाडी."

ते 'बसते त्यात' ऐकून माझ्या अंगावर पाल चढल्यासारखं झालं. समितीतली मोठमोठी माणसं एका टेबलाभोवती बसून चहा पीत पोरांची हाडं किती वाढू द्यायची ते ठरवत होती, आणि हा भला माणूस मोजे घालून त्याची मापं घेत होता.

मी त्यांच्या फाईलमधून आमचं उगमपत्र ओढून काढलं. एकोणीस खोडून नऊ केलं. खाली लिहिलं: देणारी जुई रणधीर पाडळकर, वय नऊ, चासी बांधणाऱ्या बाईची भाची. आधीची माहिती खोटी, सही माझी. पुन्हा सही केली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"शिक्का मारून पोच द्या."

"अहो, तुमचा परवाना..."

"पोच द्या, सर. पोच घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही."

पोच दिली की ते प्रकरण दडपता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी शिक्का मारला, आणि माईकवर सांगितलं की गाडी क्रमांक अकरा बाद.

रणधीर धावतच आला. मागे तेजस्विनी, तिच्या हाताला जुई. त्याने माझ्या हातातली पोच वाचली. मला वाटलं तो मला मारणार. त्याने टेबलावरची गाडी उचलली आणि खडकावर आपटली. चाकं निखळली, बॅटरी उडाली. चासी तशीच राहिली. मग त्याने तिच्यावर टाच मारली, पुन्हा मारली, आणि तिसऱ्या वेळी ती मधून मोडली. ओली हिरवी फांदी मोडताना होतो तसा आवाज झाला. गुलाबी पाणी धुळीत पसरलं.

जुई किंचाळली. दोन्ही हात कमरेवर दाबून खाली बसली.

"पप्पा, ते माझं हाय!"

रणधीरने खाली पाहिलं. त्याचा बूट अजून त्या पाटावरच होता. तो पाय उचलेना, आणि खाली दाबतही नव्हता. शेवटी त्याने बूट तिथेच सोडला, पाय मोकळा करून घेतला आणि मोज्यावरच चालत पोरीपाशी जाऊन तिला उचललं. तिने त्याच्या तोंडावर फटका मारला. तो तसाच तिला धरून राहिला.

तेजस्विनीने माझ्यासमोरच फोन लावला. "मंगळवारची वेळ रद्द करा," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही. पुढची तारीख नको. तुमचं नाव पोलिसांना सांगणार हाय मी." आजूबाजूच्या टेबलांवरच्या आयांनी माना खाली घातल्या, आणि पाच मिनिटांनी पहिली शर्यत सुरू झाली.

तुकडे कुणीतरी उचलायला हवे होते. मी वाकले. मोडलेल्या कडेवर ऊन पडलं होतं. आत हाड कसं भरलंय ते मला पहिल्यांदाच दिसत होतं: बारीक, एकसारखी, डाव्या वळणाच्या दणक्याला बरोबर पाठ देणारी वीण, कुठे पोकळी नाही, कुठे गाठ नाही. चोवीस वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. मागे पोर हुंदके देत होती आणि मी तो तुकडा उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून, जाडी अंदाजत होते. ते माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथेच धुळीत गुडघे टेकून ओकले.